अहमदाबादच्या पोळी : गिरण्यांच्या शहरातली जुनी घरे

विद्यार्थी मित्रांनो, शीर्षक वाचून कुणाला तूप-साखर आठवली असेल, तर आधीच सांगतो, ही ताटातली पोळी नव्हे. गुजरातीत ‘पोळ’ म्हणजे दरवाजा असलेली वस्ती. आपण वडोदऱ्यात राहणारी माणसे आहोत, त्यामुळे हा शब्द आपल्या कानाला नवा नाही. इथेही मांडवीच्या आसपास पोळी आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकांचे आजी-आजोबा आयुष्यभर ‘आम्ही पोळीत राहतो’ असेच सांगत आले. पण पोळ म्हणजे नेमके काय, ती तशी का बांधली आणि तिच्यातली घरे आज कशी आहेत, हे नीट पाहायचे तर अहमदाबादला जायला हवे. वडोदऱ्याहून सुमारे ११० किलोमीटर. सकाळच्या गाडीने जावे, पायी हिंडावे आणि संध्याकाळी परत यावे, इतके ते जवळ आहे.

अहमदाबादची सहल म्हटली की साबरमती आश्रम, कांकरिया तलाव आणि सायन्स सिटी एवढी तीन नावे पुढे येतात. ती पाहावीतच. मात्र ज्या जुन्या शहराला युनेस्कोने जुलै २०१७ मध्ये जागतिक वारसा शहराचा मान दिला, ते शहर आपण बहुधा बसच्या खिडकीतूनच बघतो. भारतातल्या कोणत्याही शहराला मिळालेला हा पहिला असा मान. हा मान एखाद्या राजवाड्यासाठी मिळालेला नाही. तिथल्या जुन्या मशिदी, देवळे यांच्याबरोबर साध्या माणसांच्या राहत्या घरांचीही त्यात गणना आहे. म्हणूनच ही घरे कशी पाहावीत, हे जाण्याआधी समजून घेतलेले बरे.

पोळ म्हणजे काय?

अहमदशाह पहिला याने १४११ मध्ये साबरमतीच्या पूर्व काठावर हे शहर वसवले. भद्रचा किल्ला, तीन दरवाजा, १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद आणि माणेक चौक ही शहराची कणा-रेषा. तिच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढत गेली. माणेक चौकाजवळची मुहूर्त पोळ ही सर्वांत जुनी पोळ मानतात, आणि शहराचा मुहूर्त तिथून झाला म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

पोळीची रचना अशी असते. मोठ्या रस्त्यावर एक दरवाजा, बहुधा लाकडी आणि भक्कम. दरवाजावर पहारेकऱ्याची खोली. आत शिरले की एक मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या आडव्या गल्ल्या, त्यांनाही फाटे आणि शेवटी बंद होणारी ‘खडकी’, म्हणजे चार-सहा घरांचे छोटे आवार. मध्येच एखादा लहानसा चौक, त्यात विहीर, देऊळ किंवा जैन देरासर आणि एका खांबावर उभा असलेला ‘चबुतरो’. चबुतरो म्हणजे पाखरांना दाणे टाकण्याची नक्षीदार लाकडी किंवा दगडी छत्री. एवढ्या दाट वस्तीत झाडांना जागा उरली नाही, तेव्हा पाखरांसाठी माणसांनी ही सोय केली.

रात्री दरवाजा बंद झाला की पोळ म्हणजे एक छोटा किल्लाच. याची गरज का पडली, याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते आपल्याला थोडे अवघडून टाकणारे आहे. अठराव्या शतकात मोगल सुभेदारांची आपसांतली भांडणे आणि मराठ्यांच्या स्वाऱ्या यांत शहर सापडले होते. १७२५ मध्ये मराठी फौजा शहर लुटणार अशी वेळ आली, तेव्हा खुशालचंद शेठ यांनी पदरचे पैसे भरून ती लूट टाळली. शहरातल्या व्यापाऱ्यांनी कृतज्ञता म्हणून शहरात येणाऱ्या मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्याला लावून दिले. आपण ज्यांच्या पराक्रमाचे धडे अभिमानाने वाचतो, त्यांच्याच भीतीने कुणीतरी दरवाजाला अडसर लावत होते, हेही ठाऊक असायला हवे.

मराठ्यांचे अहमदाबाद

पुढे १७५३ मध्ये रघुनाथराव पेशवे आणि दमाजीराव गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. १७५६ मध्ये ते मोमीनखानाने परत मिळवले, आणि १७५८ पासून पुन्हा मराठ्यांकडे आले. शहराचा कारभार पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेला होता. १७८० मध्ये जनरल गॉडार्डने शहर जिंकले, पण सालबाईच्या तहाने ते परत मिळाले. शेवटी १८१७-१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेले.

या साठ वर्षांच्या खुणा आजही दिसतात. रायखड भागात गायकवाडांची हवेली आहे. भद्रमधल्या जुन्या वास्तूत भद्रकाली मातेचे मंदिर मराठ्यांच्या काळात झाले. ही सत्ता सर्वांना सुखाची होती असे मात्र नाही. दुहेरी कारभार आणि करांचा भार यांमुळे शहराचा व्यापार त्या काळात खालावला. इतिहासाची वही लिहिताना या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्यात.

पोळीचे पंच

पोळ नुसती भिंती-दरवाजांची नव्हती, तिला स्वतःचे नियम होते. १८७९ च्या अहमदाबाद गॅझेटियरमध्ये त्यांचे वर्णन सापडते. घर विकायचे तर आधी पोळीतल्या माणसांना विचारायचे, बाहेरच्याला परस्पर विकायचे नाही. घर विकले की ठरलेली रक्कम पोळीच्या निधीत भरायची. लग्नकार्याच्या वेळीही काही रक्कम द्यायची. नियम मोडला तर दंड. या पैशांतून दरवाजाची दुरुस्ती, पहारेकऱ्याचा पगार आणि सफाई होई.

आज आपल्या सोसायटीची जी मेंटेनन्स कमिटी आहे, तिची ही पणजी म्हणा ना! पालकांपैकी जे कुणी सोसायटीचे सेक्रेटरी असतील, त्यांना हे वाचून गंमत वाटेल. पार्किंग आणि पाण्याच्या टाकीवरून होणारी भांडणे तेव्हा चबुतरो आणि विहिरीवरून होत असतील एवढेच.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. पोळी बहुतांशी जातीच्या, धर्माच्या किंवा धंद्याच्या होत्या. आपली माणसे आत आणि बाकीची बाहेर, हाच नियम. अडचणीला धावून येणारा शेजार त्यातून मिळाला, आणि कुणाला घर नाकारण्याची सोयही त्यातूनच झाली. १९६९, १९८५ आणि २००२ च्या दंगलींत जुन्या शहराने फार सोसले. तेव्हा पोळीचा दरवाजा ही पुन्हा एकदा जीव वाचवण्याची वस्तू झाली. वारसा पाहताना नक्षी तेवढी बघायची आणि हे विसरायचे, असे करू नये.

गिरण्या कुठून आल्या?

अहमदाबादला पूर्वी ‘भारताचे मँचेस्टर’ म्हणत. इथले रेशमी, जरीचे आणि सुती कापड जुन्या काळापासून प्रसिद्ध होते, पण गिरणीची सुरुवात रणछोडलाल छोटालाल यांनी केली. ते नागर ब्राह्मण, आधी सरकारी नोकरीत होते. यंत्रे इंग्लंडहून मागवायची तर मध्यस्थ हवा होता, त्या कामी दादाभाई नौरोजी यांची मदत झाली. यंत्रांची पहिली खेप वाटेतच नष्ट झाली. पुन्हा मागवलेली यंत्रे खंभातच्या बंदरात उतरली आणि तिथून बैलगाड्यांनी अहमदाबादला आली, कारण तेव्हा अहमदाबादपर्यंत रेल्वे पोहोचलेली नव्हती. १८६१ मध्ये ही गिरणी सुरू झाली तेव्हा तिच्यात सुमारे २,५०० चात्या होत्या.

मुंबईतल्या गिरण्यांत पारशी, भाटिया, इंग्रज असे नाना प्रकारचे भांडवल होते. अहमदाबादेत मात्र गिरण्या काढणारे शेठ बहुतेक याच शहरातले होते. सराफी आणि कापडाच्या व्यापारात मिळवलेला पैसा त्यांनी गिरण्यांत घातला. म्हणजे गिरणीचा धूर तटाबाहेर निघत होता, पण गिरणीचा हिशेब सुरुवातीला पोळीतल्या पेढीवरच लिहिला जात होता. शेठ लोकांच्या मोठ्या हवेल्या आजही जुन्या शहरात दिसतात त्या यामुळेच.

हेच रणछोडलाल पुढे अहमदाबाद नगरपालिकेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. शहरात नळाचे पाणी आणि जमिनीखालची गटारे आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले, तेव्हा त्यांना लोकांचाच मोठा विरोध झाला. विहिरीचे पाणी सोडून लोखंडी नळाचे पाणी प्यायचे, ही कल्पना अनेकांना पटेना. तरीही त्यांनी काम रेटले. पोळीच्या गल्लीतून चालताना पायाखालच्या लोखंडी झाकणाकडेही एकदा बघा, त्याखाली हा सगळा इतिहास आहे.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. गिरणीत काम करणारे मजूर पोळीत राहत होते का? बहुतेक नाही. त्यांच्या चाळी तटाबाहेर, पूर्वेला सरसपूर, गोमतीपूर, रखियाल, असारवा अशा भागांत, गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात उभ्या राहिल्या. एकेका खोलीत पुरे कुटुंब आणि नळ सगळ्यांत मिळून. १९१८ साली याच मजुरांनी पगारवाढीसाठी संप केला. गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई मजुरांच्या बाजूने उभे राहिले, आणि समोर गिरणी मालकांच्या बाजूला अनसूयाबेनचे सख्खे भाऊ अंबालाल साराभाई होते. गांधीजींनी उपवास केला आणि लवादाने प्रश्न सुटला. त्यातूनच १९२० मध्ये मजूर महाजन ही संघटना उभी राहिली. तेव्हा सहलीत पोळ पाहिली म्हणजे अख्खे गिरणी-शहर पाहिले असे समजू नका. पोळ हा त्याचा एक भाग आहे, चाळ हा दुसरा. वारशाची पाटी मात्र पहिल्याच भागावर लागली आहे.

घरात शिरल्यावर

पोळीतले घर रस्त्यावरून अरुंद दिसते, पण आत खोल जाते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या घराला लागून. दाराशी ‘ओटलो’, म्हणजे आपला ओटा. संध्याकाळी बायका भाजी निवडायला, म्हातारी माणसे गप्पांना आणि मुले खेळायला इथेच. आत गेल्यावर उघडा चौक, त्याच्या कडेला स्वयंपाकघर आणि पाणियारे, पुढे ‘परसाळ’ म्हणजे ओसरीसारखी मोकळी जागा, आणि सर्वांत आत ‘ओरडो’ म्हणजे बंद खोली, जिथे मौल्यवान वस्तू ठेवत. वरच्या मजल्यांवर झोपण्याच्या खोल्या आणि सगळ्यांत वर ‘अगाशी’, म्हणजे गच्ची. उत्तरायणाला, १४ जानेवारीला, साऱ्या शहराचा संसार या अगाशीवर असतो.

ज्यांनी वाडा पाहिला आहे, त्यांना या रचनेत ओळखीचे बरेच सापडेल. ओटा, ओसरी, चौक, माजघर हा क्रम आपलाच. फरक असा की वाडा बहुधा एकटा उभा असतो. त्याला स्वतःचा दिंडी दरवाजा, स्वतःचा आड आणि मागचे अंगण असते. पोळीतल्या घराने दरवाजा, विहीर, पहारा या गोष्टी शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतल्या. तुलना करायची असेल तर आपल्या वडोदऱ्यातला भाऊ तांबेकरांचा वाडा आधी बघून जा. एकोणिसाव्या शतकातला हा वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि त्याच्या भिंतींवरची चित्रे आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहेत, हे एकदा वर्गात हात वर करून मोजावे!

चौकाचा उपयोग उजेडापुरता नाही. अहमदाबादच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. गल्ल्या अरुंद आणि घरे उंच, त्यामुळे गल्लीत दिवसाचा बराच वेळ सावली असते. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी गल्लीतली गार हवा दारा-खिडक्यांतून आत येते. वीज नसताना बांधलेली ही घरे राहण्याजोगी होती, ती या साध्या युक्तीमुळे. विज्ञानाच्या पुस्तकात ‘अभिसरण’ हा शब्द शिकलात ना, तो इथे अंगाला जाणवतो.

चौकाखालचे टाके

या घरांतली सर्वांत हुशार वस्तू डोळ्यांना दिसतच नाही. चौकातली एक फरशी किंवा छोटे झाकण उचलले की खाली ‘टांको’ असतो. आपण त्याला टाके म्हणू. चुन्याने गिलावा केलेली जमिनीखालची ही खोली, तिच्यात पावसाचे पाणी साठवत. गच्ची आधी स्वच्छ धुवायची, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून द्यायचे आणि नंतरचे पाणी नळीवाटे टाक्यात घ्यायचे, अशी पद्धत. आत उजेड जात नाही, म्हणून शेवाळ धरत नाही, आणि चुन्यामुळे पाणी चांगले राहते. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी यातून वर्षभर काढत, आणि धुण्या-भांड्यांना विहिरीचे वापरत.

नळ आल्यावर बरीचशी टाकी पडून राहिली. काही बुजवली गेली. आता मोठ्या शहरांत नव्या इमारतींना पावसाचे पाणी अडवण्याची सक्ती करण्याची वेळ आली आहे, आणि ज्या घरांत ही सोय आधीपासून होती ती घरे पाडली जात आहेत.

लाकडाचे घर आणि भूकंप

ही घरे लाकडी सांगाड्याची आहेत. सागाचे खांब आणि तुळया आधी उभ्या करायच्या आणि मधल्या जागा विटांनी भरायच्या. भिंतीतही ठराविक अंतरावर आडव्या लाकडी पट्ट्या घालत. एका लाकडात खाच आणि दुसऱ्याला तीत बसणारी जीभ, असे सांधे असतात. वरचा मजला लाकडी आधारांवर गल्लीत थोडा पुढे आलेला असतो, आणि त्या आधारांवर वेली, पाने, पक्षी, हत्ती अशी नक्षी कोरलेली असते.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. अहमदाबाद तिथून बरेच लांब, तरीही शहरातल्या अनेक बहुमजली सिमेंट-काँक्रीटच्या इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. मुलांनो, तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण आईबाबांना विचारा, वडोदऱ्यातही ते हलणे सर्वांना आठवते आहे. जुन्या शहरातल्या घरांना तडे गेले, काही पडलीही, पण पुष्कळशी उभी राहिली. लाकडाचा सांगाडा धक्क्याबरोबर थोडा लवतो आणि सांधे त्यातला जोर खाऊन टाकतात, हे त्यामागचे कारण. याचा अर्थ काँक्रीट वाईट आणि लाकूड चांगले, असा करू नये. नीट बांधलेले काँक्रीट भूकंपात टिकते, आणि वाळवी लागलेले लाकूड साध्या पावसातही टिकत नाही.

पायी पाहण्याचा मार्ग

अहमदाबाद महानगरपालिकेने १९९६ मध्ये वारसा विभाग सुरू केला आणि १९ नोव्हेंबर १९९७ पासून सकाळची ‘हेरिटेज वॉक’ सुरू झाली. मार्ग काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत. जाण्याआधी वेळ आणि शुल्क विचारून घ्यावे. वाटेतली काही ठिकाणे अशी :

स्वामिनारायण मंदिर, काळुपूर. १८२२ मधले, या संप्रदायाचे पहिले मंदिर. लाकडी नक्षी आणि तिच्यावरचे रंग पाहण्यासारखे आहेत.

लांबेश्वरनी पोळ. इथे कवी दलपतराम राहत. त्यांच्या घराच्या जागी आता ओट्यावर बसलेला त्यांचा पुतळा आहे. अलेक्झांडर फॉर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८४८ मध्ये गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी स्थापन केली, तिच्या कामात दलपतरामांचा मोठा वाटा होता. पुतळ्याशेजारी बसून फोटो काढायचा मोह सर्वांनाच होतो. काढा, पण एकेकाने.

हाजा पटेलनी पोळ. काळा रामजी मंदिर इथे आहे. नाव वाचल्यावर नाशिकच्या काळाराम मंदिराची आठवण येणारच. जवळच शांतिनाथांचे देरासर आहे.

दोशीवाडानी पोळ आणि झवेरीवाड. इथल्या गल्ल्यांत एका पोळीतून दुसऱ्या पोळीत नेणारी चोरवाट दाखवतात. पाहुण्याला ती घराची भिंतच वाटते. मूळ हेतू संकटात निसटून जाण्याचा.

हरकुंवर शेठाणींची हवेली. पती हठीसिंग वारल्यावर त्यांनी सुरू केलेले दिल्ली दरवाजाबाहेरचे जैन मंदिर या बाईंनी १८४८ मध्ये पूर्ण करवून घेतले. हवेलीच्या लाकडी आधारांवरची नक्षी मान वर करूनच पाहावी लागते.

माणेक चौक. दिवसा दागिन्यांचा बाजार आणि रात्री खाण्याच्या गाड्या. शेजारी बादशाहनो हजीरो आणि राणीनो हजीरो, म्हणजे अहमदशाहाची आणि राण्यांची कबरस्थाने. मग जामा मशीद.

वाटेत रिलीफ रोड ओलांडावा लागतो. त्याचे अधिकृत नाव टिळक मार्ग आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगून पाहू नका. वाहतुकीसाठी जुन्या वस्तीतून कापून काढलेला हा रस्ता आहे.

वेळ असेल तर भद्रकडेही वळावे. तिथली मावळंकर हवेली आपल्या विशेष जिव्हाळ्याची. गणेश वासुदेव मावळंकर मूळचे कोकणातल्या घराण्यातले. जन्म १८८८ मध्ये आपल्या वडोदऱ्यातच. अहमदाबादला त्यांनी वकिली केली, १९३० च्या दशकात नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले आणि १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. घरात मराठी, गावात गुजराती आणि काम साऱ्या देशाचे, अशी ही माणसे. आपली शाळा नेमकी कशासाठी आहे, असे कुणी विचारले तर हे एक उत्तर द्यायला हरकत नाही.

माणसे कुठे गेली?

१८९२ मध्ये साबरमतीवर पोलादी एलिस ब्रिज झाला आणि पश्चिम काठ जवळ आला. १९२० नंतर तिकडे सहकारी सोसायट्या उभ्या राहू लागल्या. आधी शेठ गेले, शाहीबागेत आणि नदीपलीकडे बंगल्यांत. मग वकील, डॉक्टर, शिक्षक गेले. मग १९८० आणि ९० च्या दशकांत बहुतेक जुन्या गिरण्या बंद पडल्या आणि हजारो मजुरांचे काम गेले. मागे राहिलेल्या घरांत कुठे म्हातारे आईवडील, कुठे भाडेकरू, कुठे कुलूप.

घर सोडण्याची कारणे आपल्याला कळण्यासारखी आहेत. गल्लीत गाडी जात नाही, रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही. जिने उभे आणि अंधारे. एका घराला चार भावांच्या चौदा वारसांची नावे, म्हणून दुरुस्तीला एकमत होत नाही. सागाच्या लाकडाला भाव आहे, म्हणून पाडलेल्या घराचे खांब आणि दारे विकली जातात. जे घर विकले जाते ते पुष्कळदा गोदाम किंवा दुकान होते. गोदामाला चौक नको असतो, उजेड नको असतो आणि ओट्यावर बसणारे कुणी नसते. शेजारच्या घराचा आधार गेला की तेही झुकू लागते, कारण भिंती लागून बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात जुनी घरे पडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

वारसा यादीतल्या घरांच्या मालकांना दुरुस्तीसाठी बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकता यावेत, अशी तरतूद झाली आहे. काही हवेल्यांची दुरुस्ती होऊन तिथे पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत. त्याने इमारत वाचते हे खरे. पण ज्या पोळीत सगळीच घरे पाहुण्यांची झाली, तिथे दरवाजावरच्या काळ्या फळ्यावर सुविचार कोण लिहिणार आणि चबुतऱ्यात दाणे कोण टाकणार? पोळ टिकायची तर तिथे राहणे सोयीचे व्हायला हवे. पाणी, सफाई, आगीचा बंब पोहोचेल अशी व्यवस्था आणि दुरुस्तीला सोपे कर्ज, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींवरच तिचे भविष्य आहे. पुण्याच्या पेठांतले वाडे एकेक करून फ्लॅट झाले ते आपण पाहिले आहे. वडोदऱ्यातही तेच चालू आहे.

जाताना एवढे पाळा

पोळ हे संग्रहालय नाही, तिथे माणसे राहतात. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. वीसपेक्षा जास्त मुलांचा गट गल्लीत नेऊ नये. शिक्षक आणि विश्वस्तांनी दोन-तीन गट करावेत.

२. विचारल्याशिवाय कुणाच्या घरात डोकावू नये आणि माणसांचे फोटो काढू नयेत. ओट्यावर आजी बसल्या असतील तर आधी ‘केम छो, बा?’ म्हणावे. मग त्या स्वतःच टांको दाखवतील, अशी दाट शक्यता!

३. देरासरात आणि मशिदीत पादत्राणे बाहेर, आवाज हळू. देरासरात चामड्याची वस्तू नेऊ नये.

४. वही-पेन्सिल जवळ ठेवावी. एका दाराचे किंवा खांबाचे चित्र काढले की दहा फोटोंपेक्षा जास्त लक्षात राहते.

५. वेफर्सचे पाकीट पिशवीत परत आणावे.

परत आल्यावर करण्याजोगे एक काम सुचवतो. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांत आपल्या शाळेतल्या मुलांच्या नातेवाइकांची जुनी घरे अजून उभी आहेत. प्रत्येकाने एका घराची माहिती लिहावी : घर साधारण कधी बांधले, चौक आहे का, पाणी कुठून येत असे, किती माणसे राहत आणि आता किती राहतात. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून प्रत्येक खोलीला ते काय म्हणत ते शब्द टिपावेत. माजघर, कोनाडा, फडताळ, दिंडी हे शब्द घराबरोबरच जातात. पुढच्या पावसाळ्याच्या आत हे काम झाले, तर बरे. काही घरे तोवरच थांबतील.